'मोस्ट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? बहुतेक, सर्वाधिक, अत्यंत की आणखी काही?

प्रश्नपत्रिका

इंग्रजी प्रश्नावल्या, फॉर्म, सूचना मराठीत आणताना सगळ्यात जास्त घोटाळे करणारा शब्द म्हणजे 'मोस्ट'. शाळेत 'मच-मोअर-मोस्ट' घोकलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप 'सर्वाधिक' किंवा 'सर्वांत जास्त'कडे जातो. निम्म्या वेळा ते चूक असतं. आरोग्याच्या प्रश्नावल्यांत नेहमी सापडणारी ही सहा वाक्यं घ्या (सोयीसाठी इंग्रजीच, पण देवनागरीत लिहितो):

१. मोस्ट पेशंट्स रिकव्हर इन अ वीक.
२. विच सिम्प्टम बॉदर्स यू द मोस्ट?
३. धिस इज अ मोस्ट सीरियस कंडिशन.
४. सिलेक्ट ॲट मोस्ट थ्री ऑप्शन्स.
५. 'थकवा किती वेळा येतो?' याच्या उत्तरांतला एक पर्याय: मोस्ट ऑफ द टाइम.
६. वन ऑफ द मोस्ट कॉमन कॉजेस.

प्रत्येक ठिकाणी तुम्ही काय लिहाल? आणि मुख्य प्रश्न असा की 'बहुतेक'चा अर्थ 'कदाचित' असाही होतो, मग प्रश्नावलीत तो शब्द वापरणं कितपत सुरक्षित आहे?

---

मुद्रितशोधक

१. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बरे होतात.
२. कोणत्या लक्षणाचा सर्वांत जास्त त्रास होतो?
३. हा अतिशय गंभीर आजार आहे.
४. जास्तीत जास्त तीन पर्याय निवडा.
५. बहुतेक वेळा.
६. हे नेहमी आढळणारं कारण आहे.

पहिल्या वाक्यात 'सर्वाधिक रुग्ण' का चालत नाही, हे उलगडून सांगायला हवं. 'सर्वाधिक' म्हणजे बाकी सगळ्या गटांपेक्षा अधिक. शंभरातले ३५ रुग्ण एका आठवड्यात बरे झाले, ३० दोन आठवड्यांत, २० तीन आठवड्यांत आणि १५ त्याहून उशिरा, तर 'सर्वाधिक रुग्ण एका आठवड्यात बरे झाले' हे वाक्य खरं ठरतं. 'बहुतेक रुग्ण एका आठवड्यात बरे झाले' हे मात्र धडधडीत खोटं, कारण ६५ जण तोवर बरे झालेलेच नाहीत. रोग्याला धीर देणाऱ्या पत्रकात हा फरक फार महागात पडतो.

तिसऱ्यात सगळी खूण आर्टिकलमध्ये आहे. 'अ मोस्ट' असेल तर तुलना नसते, नुसता जोर असतो: अत्यंत, अतिशय, फारच. 'द मोस्ट' असेल तर तुलना: सर्वांत. 'मोस्ट सर्टनली', 'मोस्ट वेलकम', 'मोस्ट रिस्पेक्टफुली' ही सगळी जोराची कामं आहेत. कोर्टातल्या इंग्रजी अर्जांत 'मोस्ट रिस्पेक्टफुली' असतं तिथे मराठीत 'सविनय' एवढं पुरतं. 'सर्वांत आदरपूर्वक' असं कुणी लिहू नये.

---

रानवारा

सहाही पटले. सहाव्याबद्दल सविस्तर लिहा ना, वर्तमानपत्रांत 'पैकी एक'चा सुळसुळाट झालाय.

---

संख्यारेषा

चौथ्या वाक्याबद्दल गणिताच्या बाजूने. 'ॲट मोस्ट तीन' म्हणजे तीन किंवा तीनपेक्षा कमी. यात शून्यही येतं! मुलं संभाव्यतेच्या उदाहरणांत इथेच घसरतात. तीन नाणी एकाच वेळी फेकली की नमुना अवकाशात, म्हणजे शक्य निकालांच्या यादीत, ८ घटक. 'जास्तीत जास्त एक छाप' या घटनेत एक छाप असलेले तीन घटक येतात आणि तिन्ही काटे असलेला चौथाही येतो. म्हणून संभाव्यता ४/८. मुलं तो चौथा विसरतात आणि ३/८ लिहितात. 'जास्तीत जास्त दोन छाप' असेल तर मोजण्यापेक्षा उलटीकडून जावं: फक्त 'तिन्ही छाप' हा एकच घटक बाहेर राहतो, म्हणून १ − १/८ = ७/८.

'कमीत कमी दोन छाप' म्हणजे दोन किंवा तीन, ४/८. 'जास्तीत जास्त'चं चिन्ह ≤ आणि 'कमीत कमी'चं ≥. शब्द ऐकून चिन्ह उलटं टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण 'जास्त' शब्द ऐकला की हात 'पेक्षा जास्त'च्या चिन्हाकडे जातो. आधी एक संख्या घालून तपासावं: 'जास्तीत जास्त ५' मध्ये ४ चालेल का? चालेल. मग चिन्ह आपोआप नीट पडतं.

प्रश्नावलीवालेसाहेब, तुमच्या चौथ्या प्रश्नात एकही पर्याय न निवडलेला चालणार आहे का? नसेल तर 'ॲट मोस्ट थ्री' हे मूळ इंग्रजीच अपुरं आहे.

---

तळटीप

मुद्रितशोधकांच्या चौथ्याला माझा विरोध. मराठीत 'जास्तीत जास्त'चे दोन अर्थ चालतात. एक कमाल मर्यादेचा: 'जास्तीत जास्त तीन'. दुसरा आवाहनाचा: 'जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे', 'जास्तीत जास्त झाडे लावा'. दुसऱ्यात मर्यादा मुळीच नाही, उलट होईल तेवढं करा असं सांगणं आहे. म्हणून 'जास्तीत जास्त तीन पर्याय निवडा' वाचून बरेच लोक तीन निवडलेच पाहिजेत असं धरून चालतात आणि दोनच लागू असले तरी तिसरा ओढूनताणून भरतात. आकडेवारी तिथेच बिघडते.

याला सरळ उपाय: 'एक, दोन किंवा तीन पर्याय निवडा. तीनपेक्षा अधिक निवडू नका.' लांब आहे, पण चुकायला जागा नाही आणि संख्यारेषांचा शून्याचा प्रश्नही सुटतो. स्क्रीनवर जागा कमी असेल तर 'तीनपर्यंत पर्याय निवडा'. सरकारी भाषेतलं 'कमाल तीन' नेमकं आहे, पण फॉर्म भरणाऱ्याला 'कमाल मर्यादा' ओळखीची असते, सुटं 'कमाल' नसते. सुटं 'कमाल' म्हटलं की डोळ्यांपुढे 'कमाल आहे बुवा!' येतं :)

---

मुद्रितशोधक

@तळटीप, मान्य. बोलण्यातला 'फार तर तीन' यापेक्षा स्पष्ट आहे, त्यात आवाहनाचा अर्थ शिरूच शकत नाही. पण तो लेखी सूचनेत सैल वाटतो. 'एक ते तीन पर्याय निवडा' हे तुमच्या लांब वाक्याचं आटोपशीर रूप.

---

वऱ्हाडी_ठेचा

एक ते तीन झकास. मतपत्रिकेवर पण असंच पाहिजे.

---

चावडी

मतपत्रिकेचा विषय निघालाच आहे तर 'मोस्ट व्होट्स' आणि 'मोस्ट ऑफ द व्होट्स' हा फरक इथे नोंदवतो, कारण बातम्यांत तो रोज पुसला जातो. समजा १०० मतं पडली. अ ला ४०, ब ला ३५, क ला २५. अ ला 'द मोस्ट व्होट्स' मिळाली: सर्वाधिक मतं. 'मोस्ट ऑफ द व्होट्स' मात्र कुणालाच मिळाली नाहीत, कारण निम्म्याच्या वर कुणीच गेलं नाही. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला सर्वाधिक मतं पुरतात, निम्म्याहून अधिक लागत नाहीत. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ठरावीक कोटा गाठावा लागतो आणि तो वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक असतो.

मराठीत 'बहुमताने निवडून आले' असं दोन्हीकडे बिनदिक्कत लिहितात. अ साठी 'सर्वाधिक मतांनी' लिहावं आणि 'बहुमत' हा शब्द निम्म्याच्या वर गेल्यावरच काढावा.

---

आजीची_बाराखडी

मग 'बहुतेक' म्हणायला किती लागतात? १०० तले ५१ आले तर 'बहुतेक आले' म्हणाल का?

---

चावडी

मी नाही म्हणणार. इंग्रजी 'मोस्ट' काटेकोर अर्थाने निम्म्याच्या वर गेलं की लागू होतं, तरी ५१ ला इंग्रजी बोलणारेही ते बिचकतच वापरतात. मराठी 'बहुतेक' त्याहून जड आहे, ऐकणारा मनात तीन-चतुर्थांश तरी धरतो. 'बहुतेक सगळे' म्हटलं तर पाच-दहाच उरलेत असं वाटतं. म्हणून अहवालात ५३ टक्के असतील तर 'निम्म्याहून अधिक' लिहावं आणि आकडा द्यावा. 'बहुतेक' शब्द ७०-८० च्या पुढे ठेवावा.

---

मुद्रितशोधक

आणि 'बहुतांश' शब्द माणसांना लावू नये. त्यात 'अंश' आहे, म्हणजे एकाच अखंड गोष्टीचा मोठा भाग. बहुतांश जमीन, बहुतांश रक्कम, प्रकल्पाचं बहुतांश काम. मोजता येणाऱ्या माणसांना 'बहुतेक' किंवा 'बहुसंख्य'. 'बहुतांश विद्यार्थी' आता इतकं रुळलंय की वाचताना खटकतही नाही, तरी मी अजून खोडतो. पाण्यासारख्या गोष्टीला बोलीत 'बरंचसं', 'जवळपास सगळं' हेच बरं: 'टाकीतलं बरंचसं पाणी संपलं'.

---

उंबरठा

धाग्याचा मुख्य प्रश्न मागे पडतोय, म्हणून 'बहुतेक'कडे येतो.

'बहुतेक मुलं आली नाहीत.' हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. मुलांपैकी पुष्कळशी आली नाहीत. किंवा मुलं आली नसावीत असा अंदाज आहे. बोलताना आघाताने आणि थांब्याने कळतं. लिहिताना कळत नाही. तीन उपाय आहेत.

पहिला, शब्दाची जागा. 'मुलं बहुतेक आली नाहीत' असं क्रियापदाकडे सरकवलं की फक्त अंदाजाचा अर्थ राहतो. दुसरा, क्रियापद. 'असेल, असावं, नसतील' जोडलं की अंदाज. तिसरा सगळ्यात खात्रीचा: शब्दाला विभक्ती लावा. 'बहुतेकांनी उत्तर दिलं', 'बहुतेकांना ताप आला' यात अंदाजाचा अर्थ येऊच शकत नाही, कारण अंदाजाचं 'बहुतेक' हे क्रियाविशेषण आहे आणि त्याला प्रत्यय लागत नाही. विभक्ती बसत नसेल तर 'बहुतेक जण', 'बहुतेक वेळा', 'बहुतेक ठिकाणी' असं नाम लगेच चिकटवून ठेवा.

'मोस्ट'वरून 'कदाचित'वर जाणं हे फक्त याच शब्दाच्या बाबतीत झालेलं नाही. 'बहुधा' मुळात 'पुष्कळ प्रकारे, पुष्कळदा'. 'बहुतकरून' तसाच. 'प्रायः' तसाच. जे पुष्कळदा घडतं ते याही वेळी घडेल, या हिशेबाने वारंवारतेचे शब्द संभाव्यतेकडे घसरले. आता याचं उलटं टोक बघा. आपण मराठीत आणि भारतीय इंग्रजीतही म्हणतो, 'मी मोस्टली उद्या येईन'. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला हे वाक्य उमगत नाही, कारण त्याच्या 'मोस्टली'चा अर्थ 'मुख्यतः, बहुतांशी' एवढाच आहे. एकदाच होणाऱ्या गोष्टीला तो लागत नाही. त्याला वाटतं, उद्या बराचसा येणार म्हणजे हात-पाय येणार आणि डोकं घरी राहणार! आपण 'बहुतेक'चे दोन्ही अर्थ 'मोस्टली'वर चढवले. (हिंदीभाषकही असं म्हणतात, पण मराठीत त्याला 'बहुतेक'चा भक्कम आधार आहे.) परदेशी ऑफिसशी ईमेलवर बोलताना 'द वर्क विल मोस्टली बी डन बाय फ्रायडे' लिहिलं तर समोरचा 'शुक्रवारपर्यंत बरंचसं काम होईल, थोडं उरेल' असं समजतो. तुम्हाला म्हणायचं असतं 'बहुतेक शुक्रवारपर्यंत होईल'. तिथे 'प्रॉबेब्ली' किंवा 'मोस्ट लाइकली' लिहावं.

---

बिटबाइट

उंबरठा, 'मोस्टली'चा मुद्दा आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या प्रत्येकाने छापून भिंतीवर लावावा असा आहे. स्टेटस रिपोर्टमध्ये यावरून खरोखर गैरसमज होतात.

एक तांत्रिक भर. बिट म्हणजे संगणकातल्या आकड्यातला ० किंवा १ हा एक अंक. 'मोस्ट सिग्निफिकंट बिट'चं 'सर्वाधिक महत्त्वाचा बिट' असं भाषांतर पुस्तकांत दिसतं. विद्यार्थी विचारतो, बाकीचे बिट बिनमहत्त्वाचे का? इथे 'सिग्निफिकंट' म्हणजे वजनदार, स्थानिक किंमत मोठी. 'सर्वांत मोठ्या स्थानिक किमतीचा बिट' म्हणा, पाचवीचं गणित आठवतं आणि लगेच कळतं. १००१०११० हा आठ बिटांचा आकडा घ्या. डावीकडच्या पहिल्या १ ची स्थानिक किंमत १२८. बाकीचे १६, ४, २. बेरीज १५०. हाच नमुना चिन्हांकित, म्हणजे उणे संख्याही मांडता येणाऱ्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने वाचला तर त्याच डावीकडच्या बिटाची किंमत उणे १२८ होते आणि उत्तर −१०६ येतं. एका बिटाचा अर्थ बदलला की २५६ चा फरक पडतो.

ॲपमधल्या बटणांबद्दल: 'मोस्ट व्ह्यूड' = 'सर्वाधिक पाहिलेले', इथे खरोखर क्रमवारी आहे. 'मोस्ट रीसंट' = 'नवे आधी' किंवा 'अलीकडचे', 'सर्वांत अलीकडील' नको. 'मोस्ट पॉप्युलर' = नुसतं 'लोकप्रिय'. मराठीत विशेषणावरच काम भागतं, दरवेळी 'सर्वांत' लावलं की बटण फुगतं आणि मोबाइलवर कापलं जातं.

---

रानवारा

'सर्वात' की 'सर्वांत'? धाग्यात दोन्ही येऊ नयेत म्हणून विचारतो.

---

मुद्रितशोधक

'सर्वांत'. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे नाम-सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्यय लावताना अनुस्वार द्यायचा. 'सर्व' इथे अनेकवचनी आहे, सर्वांमध्ये मोठा तो सर्वांत मोठा. 'सर्वांना', 'सर्वांनी' लिहिताना कुणी अनुस्वार विसरत नाही, इथेच विसरतात.

---

वऱ्हाडी_ठेचा

मग 'सगळ्यात मोठा' की 'सगळ्यांत मोठा'?

---

मुद्रितशोधक

नियमाने माणसांमध्ये, वस्तूंमध्ये तुलना असेल तर 'सगळ्यांत'. बोलीत अनुस्वार उच्चारला जात नाही आणि 'सगळ्यात' हे 'एकूण सगळं धरून' या अर्थाने एकवचनीही समजता येतं, म्हणून तिथे मी हात आखडता घेतो. सर्वांत ला मात्र सूट नाही.

---

तळटीप

मराठीत अतिशयत्व दाखवायची अस्सल आपली रीत वेगळीच आहे आणि तिचा वापर कमी होतोय: 'मोठ्यात मोठा', 'लवकरात लवकर', 'गरिबातला गरीब', 'चांगल्यातलं चांगलं'. शाळेच्या पुस्तकात ती टिकली आहे: 'चार अंकी मोठ्यात मोठी संख्या ९९९९'. तिथे 'सर्वांत मोठी' लिहिलं तरी अर्थ तोच. पण 'गरिबातल्या गरिबाला परवडेल' याऐवजी 'सर्वांत गरीब व्यक्तीला परवडेल' लिहून बघा. पहिल्यात 'अगदी तोसुद्धा' हा भाव आपसूक येतो, दुसऱ्यात एकच माणूस शोधायला निघाल्यासारखं होतं.

---

गोमंतकी

गोव्यात कोंकणीत 'चडशे लोक' म्हणजे बहुतेक लोक, आणि 'चडांत चड' म्हणजे जास्तीत जास्त. म्हणजे तुमच्या 'जास्तीत जास्त'चीच बांधणी. आणि 'चडशे' अंदाजाच्या बाजूला घसरलेला नाही, प्रश्नावलीला बरा :)

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि 'लय भारी', 'एक नंबर' राहिलं की. 'एक नंबर' तर खरी सुपरलेटिव्ह आहे, क्रमवारीतला पहिला.

---

शिलाहार

व्युत्पत्तीत रस असलेल्यांसाठी.

इंग्रजी 'मोस्ट' = 'मोअर' अर्थाचं मूळ + अतिशयदर्शक '-एस्ट'. जर्मन 'माइस्ट' त्याचाच भाऊ. हा '-एस्ट' आणि संस्कृतचा 'इष्ठ' एकाच मुळाचे: ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ, वरिष्ठ. पाणिनीने 'अतिशायने तमबिष्ठनौ' (५.३.५५) या सूत्रात 'तम' आणि 'इष्ठ' हे दोन्ही प्रत्यय अतिशयासाठी सांगितले, आणि दोघांतच तुलना असेल तेव्हा 'तर' आणि 'ईयस्' हे प्रत्यय (५.३.५७). इंग्रजी व्याकरणाचा 'दोघांत बेटर, अनेकांत बेस्ट' हा आग्रह त्याच जातीचा आहे. मराठीने ही भानगड ठेवली नाही, 'दोघांत मोठा' आणि 'सगळ्यांत मोठा' यांत विशेषण तेच.

'मोस्ट'चा संस्कृतातला नेमका जोडीदार आहे 'भूयिष्ठ'. बहु, भूयस्, भूयिष्ठ: मेनी, मोअर, मोस्ट. मराठीत तो जोडशब्दांत जिवंत आहे, 'संस्कृतभूयिष्ठ भाषा' म्हणजे जिच्यात संस्कृत शब्दच जास्त. हे 'संस्कृतनिष्ठ'हून वेगळं, निष्ठेचा तिथे संबंध नाही.

आणि 'फोरमोस्ट', 'अटमोस्ट', 'इनरमोस्ट' यांच्या शेपटातला 'मोस्ट' मुळात हा 'मोस्ट' नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'म' हाच एक अतिशयदर्शक प्रत्यय होता, आपल्याकडे प्रथम, मध्यम, अधम, परम यांत आहे तोच. पुढे लोकांना त्याचा अर्थ कळेना, म्हणून त्यावर आणखी '-एस्ट' चढवला आणि झालेल्या '-मेस्ट'ला 'मोस्ट' समजून स्पेलिंगही तसंच केलं. म्हणजे 'फोरमोस्ट'मध्ये अतिशय दोनदा आहे. 'श्रेष्ठतम'ला चूक म्हणून खोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे.

---

मुद्रितशोधक

वेदात आहे म्हणून 'श्रेष्ठतम' सोडतो, पण 'सर्वांत सर्वोत्तम' खोडणारच.

---

शिलाहार

ते खोडाच :)

---

चावडी

'मोस्ट फेवर्ड नेशन'चं काय करायचं? 'सर्वाधिक पसंतीचा देश' वाचून लोकांना वाटतं की त्या देशाला काही खास सवलती आहेत. व्यापारकरारातला अर्थ अगदी उलट: इतर कुठल्याही देशाला दिली त्यापेक्षा वाईट वागणूक द्यायची नाही. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराचं पहिलंच कलम हे आहे. भारताने पाकिस्तानला हा दर्जा १९९६ मध्ये दिला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर काढला, तेव्हा 'खास मित्राचा दर्जा काढला' अशा सुरात चर्चा झाल्या. प्रत्यक्षात सर्वांना सारखाच असलेला दर्जा काढला होता. अमेरिकेने हाच घोळ टाळायला १९९८ मध्ये आपल्या कायद्यात नाव बदलून 'नॉर्मल ट्रेड रिलेशन्स' केलं. मराठीत 'समान व्यापार-वागणुकीचा दर्जा' म्हटलं तर एका झटक्यात कळेल.

---

रानवारा

सहाव्या वाक्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही...

---

तळटीप

लिहितो. 'वन ऑफ द मोस्ट' मराठीत 'सर्वांत ... पैकी एक' होऊन येतं, ते दोन कारणांनी वाईट. 'सर्वांत' म्हटलं की मराठी वाचक एकाची अपेक्षा करतो आणि लगेच 'पैकी' म्हणून अनेक पुढे येतात. दुसरं म्हणजे लिहिणाऱ्याला नेमकं माहीत नसल्याचं ते पांघरूण असतं. 'कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखरांपैकी एक' असं छापून येतं. अहो, १६४६ मीटरचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे, 'पैकी एक' कशाला? साल्हेरबद्दल लिहायचं तर '१५६७ मीटर, उंचीत राज्यात दुसरं' असं लिहा. क्रमांक माहीत असेल तर क्रमांक द्यावा. माहीत नसेल किंवा लावता येत नसेल तर मराठीत साधे शब्द आहेत: मोठमोठ्या नद्यांतली एक, अग्रगण्य, नावाजलेला, सर्रास आढळणारा. 'वन ऑफ द मोस्ट कॉमन कॉजेस' = 'एक नेहमीचं कारण'.

---

बिटबाइट

थोडा विरोध. वैद्यकीय मजकुरात 'कॉमन कॉज' आणि 'वन ऑफ द मोस्ट कॉमन कॉजेस' यांत फरक असतो. पहिल्यात कारण नेहमीचं एवढंच, दुसऱ्यात ते यादीच्या वरच्या भागात आहे. 'एक नेहमीचं कारण' म्हटलं की तो फरक गेला.

---

तळटीप

बरोबर. तिथे 'प्रमुख कारणांपैकी एक'. 'पैकी' ठेवा, 'सर्वांत' काढा.

---

आजीची_बाराखडी

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी एक विचारते. कुठे '-एस्ट' आणि कुठे 'मोस्ट'? मुलं 'मोस्ट टॉल' लिहितात.

---

उंबरठा

एका अवयवाचे (सिलेबलचे) शब्द: '-एस्ट' (टॉलेस्ट). दोन अवयवांचे आणि शेवटी 'वाय' असलेले: '-इएस्ट' (हॅपिएस्ट). तीन आणि त्यापुढे: 'मोस्ट'. दोन अवयवांचे बाकीचे बहुतेक 'मोस्ट' घेतात, पण क्लेव्हर, सिम्पल, नॅरो, जेंटल, क्वाएट दोन्ही घेतात. अपवाद लक्षात ठेवण्यासारखे: टायर्ड, बोअर्ड असे क्रियापदापासून आलेले शब्द छोटे असले तरी 'मोस्ट टायर्ड'. फन, रिअल, राँग यांनाही 'मोस्ट'च. '-ली' लागलेल्या क्रियाविशेषणांना 'मोस्ट' (मोस्ट क्विकली), पण फास्ट, हार्ड, सून यांना '-एस्ट'.

'द' कधी गळतो तेही सांगा मुलांना. तळं तळ्यांशी तोललं तर 'द डीपेस्ट लेक'. एकाच तळ्याचा एक भाग दुसऱ्या भागाशी तोलला तर 'द लेक इज डीपेस्ट हिअर', इथे 'द' नको. मराठीत हा फरक रचनेतच दिसतो: 'हे सर्वांत खोल तळं' आणि 'तळं इथे सर्वांत खोल आहे'.

---

प्रश्नपत्रिका

सगळ्यांचे आभार. पहिली, दुसरी, तिसरी तशीच ठेवतो. चौथं 'एक ते तीन पर्याय निवडा'. सहावं 'प्रमुख कारणांपैकी एक'. उरलं पाचवं. पर्यायांची उतरंड अशी करतोय: नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. 'बहुतेक वेळा'च्या जागी 'बहुधा' सुचवणारे लोक आहेत.

---

उंबरठा

'बहुधा' मुळीच नको. 'थकवा किती वेळा येतो?' याला 'बहुधा' हे उत्तर 'येत असावा' असं वाचलं जाईल. 'वेळा' शब्द चिकटलेला असल्याने 'बहुतेक वेळा'मध्ये अंदाज शिरत नाही. फक्त 'बहुतेक वेळा' आणि 'कधीकधी' यांत मोठी पोकळी आहे. मूळ इंग्रजीत 'ऑफन' असेल तर 'बऱ्याचदा' मध्ये घाला. मूळ पाच पायऱ्यांचंच असेल तर घालू नका, नाहीतर इंग्रजी आणि मराठी उत्तरं शेजारी ठेवून तोलता येणार नाहीत.

---

संख्यारेषा

आणि ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशा कुणाकडून तुमच्या मराठी पर्यायांचं परत इंग्रजी करून घ्या. 'बहुतेक वेळा'चं 'मोस्ट ऑफ द टाइम' किंवा 'युज्वली' आलं तर ठीक. 'प्रॉबेब्ली' आलं तर छपाई थांबवा. आणखी एक: प्रश्न नकारार्थी असेल तर वेगळं तपासा. 'रात्री झोप लागत नाही' या विधानासमोर 'बहुतेक वेळा' ठेवलं तर काही जण 'बहुतेक वेळा लागते' असं धरून खूण करतात. विधान 'रात्री झोप लागायला त्रास होतो' असं होकारार्थी करून घेतलं की हा गोंधळ राहत नाही.

---

प्रश्नपत्रिका

नकारार्थी विधानं चार आहेत. चारही बदलतो आणि परत-भाषांतरासाठी देतो. 'मला उत्साह वाटत नाही' याचं होकारार्थी काय करावं? 'मला निरुत्साही वाटतं' जड होतं.

---

तळटीप

'काही करावंसं वाटत नाही' असं बोलतात, पण तेही नकारार्थीच. 'कंटाळल्यासारखं वाटतं' घेतलं तर अर्थ थोडा सरकतो. 'अंगात मरगळ येते' बघा. ग्रामीण भागातही कळतं, आणि 'बहुतेक वेळा' त्यासमोर व्यवस्थित बसतं.